सीटच्या पोटातलं

"आक्का, कव्हर उन्हात टाक. ताठ आहे. असंच ओढलं तर फाटंल."

लिंबानं सांगितलं आणि मी नवं कव्हर न्हाणीच्या पत्र्यावर पसरलं. काळं, चकचकीत, कडेनं लाल गोट. वास नव्या चपलेसारखा. लिंबा अंगणात मांडी घालून बसला होता. म्हणजे एक मांडी घालून, दुसरा पाय लांब सोडून, कारण प्लास्टर निघालं तरी तो पाय अजून वाकत नव्हता. त्याच्यापुढं गाडीची सीट उलटी पडली होती, मेलेल्या कासवासारखी.

"दुकानात नेली असती तर चहा होईपर्यंत बसवून दिली असती," द्वारका उंबऱ्यातून म्हणाली.

"दुकानदाराला काय शिंगं असतात? खालच्या पत्र्याचे दाते उघडायचे, जुनं काढायचं, नवं ओढून दाते परत ठोकायचे. घरीच बदलता येते सीट. मला जमतं."

"तुम्हाला सगळंच जमतं. पुलावरून पडायलाबी जमलं."

मी हसले. लिंबाही हसला. द्वारका नाही हसली.

लिंबा माझा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मला नवऱ्यानं वर्षाच्या आत टाकलं होतं, त्यामुळं मी घरीच होते, आणि लोक म्हणाले, देवानं बरोबर जोडी लावली. मी लोकांच्या शेतात खुरपलं, गावाच्या गोधड्या शिवल्या आणि त्याला मोठा केला. झोपताना माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. चांगला मिसरूड फुटेपर्यंत ही खोड होती. त्याचं लग्न मीच ठरवलं. द्वारकाला मीच पसंत केलं.

पण द्वारकाचं पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. पुढं चैत्रात लिंबा गाडीवरून पडला. आता ती पुन्हा दिवसांत होती आणि तिला माझ्या हातचा पाण्याचा तांब्या नको वाटायला लागला होता. दसऱ्याला तिचे वडील येऊन गेले. ओसरीवर, माझ्यादेखत, जावयाला म्हणाले, "लेकीला बाळंतपणाला नेतो. परत धाडायची का नाही, ते ह्या घरात कोण राहतं ते बघून ठरवू."

लिंबा म्हणाला, "बघू."

त्यानं मला जा म्हटलं नाही आणि सासऱ्याला नाहीही म्हटलं नाही. तो 'बघू' आढ्याला टांगलेल्या शिंक्यासारखा घरात लटकत होता. मी रोज त्याच्याखालून वावरायची आणि मनात म्हणायची, माझा लिंबा मला काढणार नाही.

तो दिवस त्याच पंधरवड्यातला. गाडी सगळा पावसाळा पडवीत उभी होती, माझ्या चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून. पुलावर घासून सीट एका कुशीला उसवली होती, आतला स्पंज बाहेर लोंबत होता. कव्हर आणलं ते जरा मोठं निघालं. लिंबा म्हणाला, "आक्का, मागच्या कोपऱ्याला चार टाके घालून लहान करशील?" मी दाभणानं ते करून ठेवलं होतं. मला त्या दिवशी बरं वाटत होतं. भावानं काम सांगितलं होतं.

लिंबा पेचकसानं एकेक दाता उचलत होता. गंजलेले दाते कटकट मोडत होते.

"हळू रे, बोट कापशील."

"आक्का, मी काय पाळण्यात आहे?"

"पाय तर पाळण्यातल्यासारखाच लांब सोडलायस."

त्यानं जुनं कव्हर एका बाजूनं सोललं. मग हात आत घातला आणि थांबला. मी त्याच्या पाठीमागं होते, मला त्याची पाठच दिसत होती. ती पाठ जरा वेळ हलली नाही.

"आक्का, प्यायला पाणी आण."

"हा तांब्या काय, तुझ्याजवळच आहे."

"गार आण. रांजणातलं. आणि द्वारके, तू चहा टाक."

आम्ही दोघी आत गेलो. रांजण खिडकीजवळ होता. खिडकीतून मला लिंबा उठलेला दिसला. एक मूठ झाकलेली, लंगडत लंगडत घराच्या मागं उकिरड्याकडं चालला होता. आमची भुरी मांजर शेपूट ताठ करून त्याच्या मागं मागं. मला वाटलं, गंजलेले चुके टाकायला चालला असेल, पोरंबाळं अनवाणी फिरतात म्हणून. परत आला तेव्हा हात पँटीला पुसत होता. बसला. जरा वेळ काहीच आवाज नाही. ना पेचकसाचा, ना कशाचा.

मग त्यानं हाक मारली. मला नाही.

"द्वारके! इकडं ये. एकटी ये."

मी पाणी घेऊन निघालेच होते, म्हणून तिच्या मागोमाग पोचले. सीटचा स्पंज मधोमध पोखरलेला होता, आणि त्या खळग्यात नारळाएवढा एक गोळा होता. केसांचा. लांब केस, अर्धे काळे, अर्धे पांढरे. घरात तसे केस माझ्या एकटीचेच होते. त्या केसांत गुंतलेल्या चिंध्या. एक द्वारकाच्या हिरव्या लुगड्याची, एक त्या गेलेल्या बाळाच्या टोपड्याची, पिवळी. आणि लाल दोऱ्यासकट एक सुई.

द्वारका ओरडली नाही. तिनं दोन्ही हात पोटावर धरले आणि मागं मागं सरकत भिंतीला टेकली. मग ओरडली.

आमच्याकडं बाई विंचरलेले केस टाकत नाही. गुंता बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवते. वैदूबाई आली की केस घेऊन सुया-मणी देऊन जाते. माझा गुंता पडवीच्या फटीत असायचा, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

"लिंबा," मी म्हटलं, "हे काय आहे रे?"

"तूच सांग," लिंबा म्हणाला. माझ्याकडं न बघता.

ओरड्यानं शेजारची कोंडामावशी धावत आली. कोंडामावशी म्हणजे आळीचं न्यायालय. पोराला दृष्ट लागली, गाय आटली, की तिच्याकडं जायचं. तिनं गोळ्याकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि लांबूनच म्हणाली, "बांधलेलं आहे. लेकराचं टोपडं आहे त्यात. सुई टोचलीय टोपड्याला."

"मी नाही केलं," मी म्हटलं. "अगं द्वारके, सीट फाटली पुलावर. पडला तेव्हा फाटली. त्याच्या आधी मी आत काय घालणार?"

"शिवणाऱ्या बाईला फाटायची वाट कशाला बघावी लागती?" द्वारका म्हणाली. "उसवायचं, घालायचं, परत शिवायचं. ते कव्हर नाही का शिवलंस सकाळी, एक टाका दिसत नाही."

टाके खरंच दिसत नव्हते.

कोंडामावशी म्हणाली, "सोजर, तुझं नसंल तर उचल हातानं."

"उचलते की."

"थांब. ज्यानं केलं त्याला ते काही करत नाही, बरं का."

"म्हणजे उचललं तरी मीच?"

"आणि नाही उचललंस तर भ्यालीस म्हणून तूच," मावशी म्हणाली. "आता तू बघ."

मी लिंबाकडं बघितलं. तो एक दाता सरळ करत होता, मुद्दाम सावकाश, जणू सगळ्या कामाचं मर्म त्या एका दात्यात होतं. मी वाकून गोळा उचलला. कुबट वास आला. सुई बोटात गेली आणि रक्ताचा एक थेंब पिवळ्या टोपड्यावर पडला.

"घेतलं!" मावशी म्हणाली. "मालकिणीचं रक्त घेतलं."

खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी भीती वाटली. माझे केस, माझी सुई, माझ्या गाठोड्यातल्या चिंध्या. हे आपोआप सीटच्या पोटात कसं जाईल? कोणीतरी घातलंय. मी नाही, तर कोणी? मी द्वारकाकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हिनंच. मला घराबाहेर काढायला हिनंच माझे केस चोरून हे बांधलं. अशा बाईला मी हातानं निवडून आणलं.

"तूच केलंस!" मी म्हटलं. "रांडे, मेलेल्या लेकराचं टोपडं वापरलंस!"

ती माझ्या अंगावर धावली. कोंडामावशीनं तिला धरलं. "अंगाला हात लावू नको गं, पोटुशी आहेस. तिचं बळ केसांत आहे. केस गेले की उतरंल."

"कोण कापणार?" द्वारका म्हणाली. कुणीच पुढं येईना. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, तुम्ही माझ्या पोटातल्याचे बाप आहात का हिचे भाऊ आहात, एकदाचं ठरवा."

लिंबा उठला. माझ्या गाठोड्यातली कात्री घेऊन आला, चिंध्या कापायची. माझ्या मागं उभा राहिला.

"लिंबा," मी म्हटलं.

"हलू नको आक्का. लागंल."

त्यानं माझी वेणी धरली. तीच मूठ, तशीच पकड. कात्री बोथट होती, एका दमात कापेना, तो करवतीसारखी चालवत राहिला. मी हलले नाही. अंगणात एव्हाना आळी जमली होती. एवढंच ऐकू येत होतं, करकर, करकर.

वेणी आणि तो गोळा मावशीनं रॉकेल टाकून जाळला. केस जळायचा वास अंगणभर झाला.

"मी कुठं जाऊ?" मी लिंबाला विचारलं.

तो परत सीटपुढं बसला होता. पत्र्यावरचं नवं कव्हर आता उन्हानं मऊ झालं होतं. मी घातलेले चार टाके त्यानं पेचकसाच्या टोकानं उसवले आणि कव्हर तसंच, ढगळं, स्पंजावर चढवलं. "मला काही विचारू नको," म्हणाला. "मला आता काहीच कळत नाही."

मी एका लुगड्यात दुसरं लुगडं बांधलं, डोक्यावरून पदर ओढला आणि निघाले. मारुतीच्या देवळापाशी पोचले तरी दाते ठोकायचा आवाज येत होता. ठक ठक ठक. चांगला, एका लयीत.

पुढं मी तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले आणि तिथंच म्हातारी झाले. मी घर सोडल्यावर द्वारकाला मुलगा झाला, मग आणखी एक. दोन्ही जगले. गावानं म्हटलं, बघा. मला कळलं तेव्हा मी द्वारकाला शिव्या दिल्या. रोज संध्याकाळी, भाकरीचं पीठ मळताना, मी तिचं नाव घ्यायची आणि पीठ दाबायची. इतकी वर्षं देवाचं नाव मी तितकं नेमानं घेतलं नाही.

एका सकाळी मी वसतिगृहाच्या पायरीवर तांदूळ निवडत होते. फाटकातून मोटारसायकल आत आली. चालवणारा म्हातारा, डोकं पांढरं, उतरताना एक पाय ओढणारा.

"आक्का."

"बस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणतात?

तो खालच्या पायरीवर बसला. ताटातले चार दाणे उचलून त्यातले खडे बघायला लागला, लहानपणी बघायचा तसे. "द्वारका जायला लागलीय. मोठ्या दवाखान्यातनं घरी पाठवलंय."

मी तांदूळ निवडत राहिले.

"जीव जात नाही तिचा. एकच म्हणती, सोजरला आणा. तिनं बांधलंय ते तिनंच सोडावं. नातवाला ताप आला तरी म्हणती, तिचंच आहे. सुना घाबरल्यात. तू चल. हात फिरव. काढलं म्हण. तेवढंच."

"मी बांधलंच नाही. काढू काय?"

"ते मला माहीत नाही का?"

"काय माहीत आहे तुला?"

लिंबा जरा हसला. वाईट हसला नाही. घरातली जुनी गंमत सांगताना हसतात तसा हसला. "आक्का, उंदराचं घरटं होतं ते. पावसाळाभर गाडी पडवीत. उंदरीनं तुझा गुंता नेला, चिंध्या नेल्या, दोरा ओढला त्याच्याबरोबर सुई गेली. आत पिल्लं होती. चार का पाच. लाल लाल, डोळे न उघडलेली. मी मुठीत घेऊन उकिरड्यावर टाकली. मांजरीनं खाल्ली."

माझा हात ताटातच राहिला.

"कामून?"

"पिल्लं राहिली असती तर कोणीबी म्हटलं असतं, घरटं आहे."

"ते नाही विचारत. कामून केलंस?"

"दुसरं काय करणार होतो? सासरा ऐकेना, द्वारका ऐकेना. तुला जा म्हणायची माझी हिंमत नव्हती. तू मला वाढवलं. कोणत्या तोंडानं म्हणू? ते आयतं हाताला लागलं." त्यानं एक खडा काढून लांब फेकला. "केसबी मी मावशीनं सांगितलं त्यापेक्षा कमीच कापले. चार बोटं ठेवले होते. आठव तू. तुझ्यावर मी एक दिवससुद्धा संशय घेतला नाही, आक्का. देवाशपथ."

"द्वारकाला माहीत आहे?"

"छे! तिला कशाला?"

म्हणजे तिनं काही केलं नव्हतं. ती खरोखर भ्याली होती आणि इतकी वर्षं भीतच होती. आणि मी इतकी वर्षं पीठ दाबत होते.

मी ताट आत ठेवलं, पदर घेतला आणि त्याच्या मागं गाडीवर बसले. मला तिला एवढंच सांगायचं होतं. दुसरं कुठलंही काम त्या घरात नव्हतं.

घर आता सिमेंटचं झालेलं. मी अंगणात उतरले तशी सुनांनी पोरांना आत कोंडून कडी लावली. द्वारका खाटेवर होती. खाटेवर म्हणण्यापेक्षा गोधडीतच होती. त्या घड्यांमधून तिला शोधावं लागत होतं. मला बघून तिनं हात जोडले.

"आलीस का बाई. लई वाट बघायला लावली."

मी खाटेशेजारी बसले. लिंबा पायथ्याशी उभा होता, दारात सुना. "द्वारके, ऐक," मी म्हटलं. "तुला कुणी काही केलेलं नाही. ते उंदराचं घरटं होतं. आत पिल्लं होती. ह्यानं ती आधी काढून टाकली आणि मग तुला हाक मारली. ह्याला तेव्हापासून माहीत आहे. विचार त्याला."

द्वारकानं मान वळवली. तेवढ्यालाही तिला वेळ लागला. "अवो, काय म्हणती ही?"

लिंबानं माझ्याकडं बघितलं, सुनांकडं बघितलं.

"कसली पिल्लं?" तो म्हणाला. "मला काही माहीत नाही. आक्का, उगं आजारी माणसापुढं काहीबाही बोलू नको. काढायचं तेवढं काढ."

द्वारका रडायला लागली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता आवाज. "बाई, मी तुझे केस कापायला लावले. तुझा राग खरा आहे. माझं काय व्हायचं ते होऊ दे. नातवाला सोड. मी मेल्यावर त्याच्या मागं लागू नको. तुझ्या पाया पडते, फसवू नको, काढ."

तिनं खरंच माझ्या पायाकडं हात नेला. तो पोचला नाही, मधेच पडला. काटकी पडावी तसा.

मी तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि माझ्या कानशिलावर बोटं मोडली. म्हातारपणाची बोटं, मोठ्यानं वाजली.

"काढलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

"म्हणजे होतं?"

"होतं."

"तूच केलं होतंस?"

दारातल्या सुना पुढं झुकल्या. लिंबा गोधडीचा कोपरा सरळ करत होता. सावकाश.

"मीच," मी म्हटलं.

द्वारकानं डोळे मिटले. तिच्या तोंडावर असा आराम आला की मला तिचं लग्नातलं तोंड आठवलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली आणि झोपली.

मी बाहेर आले. लिंबानं गाडी वळवून ठेवली होती. "लई मोठं काम केलंस," तो हळूच म्हणाला. "चल, सोडतो." मी मागं बसले. त्यानं किक मारायला पाय उचलला, तोच थोरली सून उंबऱ्यात आली. मी ऐकतेय ह्याची तिनं पर्वा केली नाही.

"मामा, त्यांना सोडलं की गाडी तशीच घरात आणू नका. लेकरं बसतात तिच्यावर. आधी सीट बदला."

"बदलतो," लिंबा म्हणाला.

"दुकानात आज सुट्टी असंल."

"दुकान कशाला?" लिंबा म्हणाला. "घरीच बदलता येते. मला जमतं."